वादळाने वसतिगृह सोडायला लावले, मग मत कुठे द्यायचे? अमेरिकेतील विद्यार्थ्यांपुढचा पेच समजून घ्या

अमेरिकेत मंगळवारी, ५ नोव्हेंबर २०२४ला अध्यक्षपदासाठी मतदान झाले. कमला हॅरिस की डोनाल्ड ट्रम्प, याचा निकाल ज्या मोजक्या राज्यांवर ठरणार होता, त्यात नॉर्थ कॅरोलायना होते. याच राज्यातल्या अॅशव्हिल शहरात नळाला येणारे पाणी मतदानाच्या तोंडावरही पिण्यायोग्य नव्हते. तिथले विद्यापीठ महिनाभर बंद होते. वर्ग सोमवारी, २८ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले, तेही ऑनलाइन.

घरी परतलेल्या विद्यार्थ्यापुढे तेव्हा दोन कामे होती : बुडालेला अभ्यास भरून काढणे आणि आपले मत नेमके कुठे द्यायचे, हे शोधणे. दुसरे काम वाटते तितके सोपे नव्हते.

वादळ आणि निवडणूक एकाच वेळी का?

हा योगायोग नाही. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि सप्टेंबरमध्ये तो जोरावर असतो. नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान घ्यायचे, हे १८४५च्या कायद्याने ठरलेले आहे. त्यामुळे नोंदणी, प्रचार आणि मुदतपूर्व मतदान वादळी महिन्यांतच येते. २०१२ मध्ये 'सँडी' वादळ मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी न्यूजर्सीत धडकले होते.

२०२४ मध्ये दोन वादळे पाठोपाठ आली. 'हेलेन' २६ सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चौथ्या श्रेणीचे वादळ म्हणून आदळले आणि दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ पश्चिम भागात त्याने पूर आणला. ९ ऑक्टोबरच्या रात्री 'मिल्टन' फ्लोरिडातच सिएस्टा की इथे धडकले.

विद्यार्थ्याचा दिवस कसा बदलला?

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या अॅशव्हिलमध्ये वीज, पाणी आणि मोबाइल नेटवर्क एकाच वेळी गेले. शौचालयात टाकायला लोकांनी ओढ्यांमधून बादल्या भरून आणल्या. विद्यापीठाने विद्यार्थ्यांना घरी पाठवले. बून इथल्या अॅपलाचियन स्टेट विद्यापीठाचे वर्ग १६ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिले. फ्लोरिडातील विद्यापीठांना तर दोन आठवड्यांत दोनदा कुलूप लावावे लागले.

नेटवर्क गेले की वेळापत्रक, असाइनमेंट, बँक, घरच्यांचा फोन सगळेच थांबते. नेमक्या त्याच दिवसांत मतदार नोंदणीची मुदत संपत होती.

पत्ता बदलला की मताचे काय होते?

शिकायला दुसऱ्या गावी गेलेला अमेरिकी विद्यार्थी घरच्या किंवा कॉलेजच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो. अनेक जण कॉलेजचा पत्ता देतात. पण मत काऊंटीशी, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाशी, बांधलेले असते. अॅशव्हिल ज्या बंकम काऊंटीत आहे, तिथे नोंदणी असलेला विद्यार्थी शार्लटला घरी गेला, तर घराजवळच्या केंद्रावर त्याला त्या नोंदणीवर मत देता येत नाही.

मग पर्याय तीन. परत जाऊन मत देणे, टपाली मतपत्रिका मागवणे किंवा घरच्या पत्त्यावर नव्याने नोंदणी करणे. टपाली मतपत्रिका मागवण्याची सर्वसाधारण मुदत २९ ऑक्टोबर होती. भरलेली मतपत्रिका ५ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेसातपर्यंत पोहोचायला हवी होती. ज्या भागातली पोस्ट ऑफिसेच पाण्याखाली गेली, तिथे ही अट जड जात होती.

ओळखपत्राचीही अडचण होती. नॉर्थ कॅरोलायनात मत देताना फोटो ओळखपत्र लागते. मान्यताप्राप्त कॉलेजची कार्डे चालतात, पण चॅपल हिलच्या विद्यापीठाचे मोबाइलमधील डिजिटल कार्ड वापरायला अपील न्यायालयाने २०२४ मध्ये मनाई केली होती. ओळखपत्र वादळात हरवलेल्यांना मात्र नैसर्गिक आपत्तीचे कारण नोंदवणारा अर्ज भरून मत देता येत होते.

राज्यांनी मुदत वाढवली का?

इथेच राज्याराज्यांत फरक पडला. फ्लोरिडात नोंदणीची मुदत ७ ऑक्टोबरला संपली. त्याच दिवशी 'मिल्टन'मुळे किनारपट्टीवरील लोकांना घरे सोडण्याचे आदेश निघत होते. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी मुदत वाढवायला नकार दिला आणि संघीय न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनीही ती मागणी फेटाळली. शेजारच्या साउथ कॅरोलायनात न्यायालयाने मुदत १४ ऑक्टोबरपर्यंत वाढवली.

नॉर्थ कॅरोलायनाने वेगळा मार्ग धरला. राज्य निवडणूक मंडळात दोन्ही पक्षांचे सदस्य असतात. या मंडळाने ७ ऑक्टोबरला एकमताने १३ काऊंटींसाठी नियम शिथिल केले. पुढे विधिमंडळाने ही सवलत २५ काऊंटींना लागू केली. केंद्रे हलवणे, वेळा बदलणे, टपाली मत दुसऱ्या काऊंटीत जमा करणे शक्य झाले. शिवाय मुदतपूर्व मतदानाच्या काळात नोंदणी आणि मतदान एकाच फेरीत करण्याची सोय या राज्यात आधीपासूनच आहे.

परिणाम दिसला. १७ ऑक्टोबरला या २५ काऊंटींतील ८० पैकी ७६ केंद्रे उघडली. त्या एका दिवसात राज्यभरात साडेतीन लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. हा पहिल्या दिवसाचा विक्रम आहे.

वादळाचा प्रचार आणि अफवा

२०२० मध्ये ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे ७४ हजार मतांनी जिंकले होते. साहजिकच दोन्ही उमेदवार इथे आले : हॅरिस ५ ऑक्टोबरला शार्लटमध्ये, ट्रम्प २१ ऑक्टोबरला अॅशव्हिलजवळ.

सोबत अफवाही आल्या. आपत्ती निवारणाचा पैसा स्थलांतरितांवर खर्च झाला, असा दावा ट्रम्प यांनी केला. 'फेमा' या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने तो खोडून काढला. फक्त ७५० डॉलर मिळणार, हाही प्रचार चुकीचा होता. ती अन्नपाण्यासारख्या तातडीच्या गरजांसाठीची सुरुवातीची रक्कम होती. कुटुंबासाठी मदतीचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला या अफवा थेट नुकसान करतात, कारण 'अर्ज करून काय उपयोग' असे वाटून लोक मागे हटतात.

वादळामुळे मतदान घटते का?

२०१८ मध्ये 'मायकल' वादळानंतर फ्लोरिडात बरीच मतदान केंद्रे एकत्र केली गेली. केविन मॉरिस आणि पीटर मिलर या अभ्यासकांनी त्याचा परिणाम तपासला. मतदान घटण्यामागे वादळाइतकेच, किंबहुना अधिक, केंद्र लांब गेल्याचे कारण त्यांना आढळले. म्हणजे वारा कुणाच्या हातात नसला, तरी केंद्र किती दूर ठेवायचे, हे माणसेच ठरवतात. बस आणि उधारीच्या गाडीवर फिरणाऱ्या विद्यार्थ्याला हे अंतर सर्वात आधी जाणवते.

मराठी विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय नागरिकांना तिथे मताधिकार नाही. आपल्याकडे २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचे मतदान झाले, पण त्यासाठीही त्यांना टपाली मताची सोय नव्हती. परदेशस्थ मतदार म्हणून नोंदणी असली, तरी पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावर यावेच लागते.

राज्यातच वसतिगृहात राहणाऱ्यांना घरचा किंवा वसतिगृहाचा, यातला एक पत्ता निवडता येतो. गावचा पत्ता ठेवला, तर मतदानाच्या दिवशी गाव गाठावे लागणार. त्यामुळे आपले नाव कोणत्या यादीत आहे, हे आजच निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर पाहा आणि गावी जायचे असेल तर तिकीट वेळेत काढा.