उशिराची जबाबदारी रेल्वेचीही



गाडी उशिरा पोहोचून पुढचे विमान चुकले तर प्रवाशाला कसलाच हक्क नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान साफ चुकीचे आहे. सुट्टी संपवून रत्नागिरी-सावंतवाडीहून मुंबईमार्गे मस्कतला परतणारी इथली अनेक कुटुंबे ते वाचून नुकसान मुकाट्याने सोसतील, म्हणून हे उत्तर.

अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. टॅक्सी, निवास आणि मनस्ताप मिळून ३० हजारांची भरपाई ग्राहक मंचाने दिली आणि ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. उशीर आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला, हे सिद्ध करणे रेल्वेचे काम, असे न्यायालयाने बजावले. कोकणात दरड कोसळली तर रेल्वेला तसे कारण दाखवता येईल; ‘क्रॉसिंगला थांबवली’ एवढे मोघम उत्तर मात्र पुरणार नाही.

एक दिवस आधी मुंबई गाठावी, हा त्या पत्रलेखकांचा सल्ला पावसाळ्यात योग्यच. पण मोजकी रजा घेऊन येणाऱ्या कामगाराला तो दिवसही महाग असतो.

दोन गाड्यांची तिकिटे असतील तर दोन्ही पीएनआर जोडून घ्यावेत. पहिलीच्या उशिराने दुसरी चुकल्यास न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात.

वाचकांनी तिकीट, बोर्डिंग पास, टॅक्सीची पावती जपून ठेवावी. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि ती ऑनलाइनही करता येते.

— एक वाचक, अल् खुवैर, मस्कत