आजीचं ‘मला काय ठाऊक’



परवा आमच्या महिला मंडळात संस्कारांचा विषय निघाला. ‘मुलं बघून बघून शिकतात, वेगळं काही सांगावं लागत नाही’ असं बहुतेकींचं मत पडलं. मी तिथे काही बोलले नाही, कारण नाश्त्याच्या डिशा भरायचं काम माझ्याकडे होतं. पण मला ते पूर्ण पटलेलं नाही. लहानपणी आपण हजार गोष्टी बघतो आणि विसरून जातो. एखादीच जन्मभर सोबत राहते. ती का राहते, याचा विचार करताना मला आमच्या सात रस्त्याच्या जुन्या घरामागचा आड आठवला.

साल १९७२. मी दहा वर्षांची, पाचवीत. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. नळाचं काही खरं नव्हतं आणि आडाचं पाणी पार तळाला गेलेलं. पोहरा वर यायचा तो अर्धा, तोही गढूळ. घरात लहानमोठी चौदा माणसं. आंघोळीला प्रत्येकी एक कळशी मोजून मिळायची.

अशा दिवसांतही आजीचं पाणी गाळणं तसंच चालू होतं. मांजरपाटाचं जाड कापड दुहेरी करून ती हंड्याच्या तोंडावर बांधायची, सावकाश पाणी ओतायची. गाळून झालं की कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्याने तांब्यात धुवायची. ही जिवाणी. आता ती आडात परत सोडायची, तीही वरून ओतून नाही. तांब्याला दोन दोऱ्या होत्या, एक गळ्याला आणि एक तळाच्या कडीला. पहिल्या दोरीने तांब्या पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायचा, मग दुसरी ओढून अलगद उलटा करायचा. उंचावरून पडले तर जीव आपटून मरतील म्हणून हा सगळा खटाटोप.

मला त्या तांब्याचा भयंकर राग यायचा. इथे पाण्यासाठी आम्ही भावंडं भांडतोय आणि ही तांब्याभर पाणी रोज परत देते! एके दिवशी मी सरळ विचारलं, “आजी, कुठायत गं जीव? मला तर काहीच दिसत नाही.”

काकू शेजारीच ज्वारी पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, “गप बस. धर्माच्या गोष्टीत असं विचारू नये, पाप लागतं.”

आजी म्हणाली, “विचारू दे की तिला. मला काय ठाऊक कुठायत. मला तरी कुठं दिसतात? सासूबाईंनी सांगितलं, मी करते.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्या शाळेत दुर्बीण आहे म्हणतीस ना, बारीक बघायची? जा की घेऊन.”

औषधाची एक रिकामी बाटली तिने स्वतः धुऊन दिली. जिवाणीचं पाणी भरलं आणि मी दाराबाहेर पडताना बजावलं, “बघून झालं की परत आण हं. इथलं आहे ते.”

विज्ञानाच्या बाई आधी हसल्या. मग मधल्या सुट्टीत त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं, काचेवर थेंब ठेवला, स्वतः पाहिलं आणि मला म्हणाल्या, “बघ.” मी डोळा लावला आणि किंचाळलेच. पारदर्शक, पेरूच्या बीएवढं दिसणारं काहीतरी झटके देत पळत होतं. डोक्याच्या मधोमध एकच लालसर डोळा. शेपटीच्या दोन्ही बाजूंना दोन पिशव्या, द्राक्षांच्या घडासारख्या. बाई म्हणाल्या, “ती तिची अंडी.” त्या प्राण्याचं नाव सायक्लॉप्स, ग्रीक लोकांच्या गोष्टींतल्या एकडोळ्या राक्षसावरून ठेवलेलं.

मग बाईंनी जे सांगितलं ते मला सर्वस्वी नवीन होतं. नारूचा रोग या सायक्लॉप्समधून होतो. नारूची अळी त्याच्या पोटात असते. तसलं पाणी न गाळता प्यायलं की सायक्लॉप्स आपल्या पोटात मरतो, अळी मात्र जगते. वर्षभराने माणसाच्या पायाला फोड येतो आणि त्यातून दोरा बाहेर पडावा तसा हातभर, कधी त्याहून लांब जंत निघतो. तो ओढला तर तुटतो. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, दिवसच्या दिवस. आग होते म्हणून रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून बसतो आणि तिथेच पुढच्या अळ्या पाण्यात सुटतात. “तुमच्या आजीच्या कापडातून सायक्लॉप्स जात नाही,” बाई म्हणाल्या, “म्हणजे नारूही जात नाही.”

मी पळतच घरी आले. केवढी मोठी बातमी! “आजी, आपण पाणी गाळतो ना, म्हणून आपल्याला नारू होत नाही!” नारू म्हणजे काय हे आजीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिच्या माहेरच्या गावी पायऱ्यांची विहीर होती आणि काडी गुंडाळून बसलेली माणसं तिने लहानपणी पाहिली होती. मला वाटलं, ती काकूंना हाक मारून सांगेल, निदान माझ्या पाठीवरून हात फिरवेल.

ती म्हणाली, “होय का? बरं आहे की.” आणि लगेच, “बाटलीतलं आडात सोडलंस का?”

सोडलं नव्हतं. दप्तरातच होतं. तिने दोऱ्यांचा तांब्या माझ्या हातात दिला.

पुढे नारूची गोष्ट मी जिथे मिळेल तिथे वाचत राहिले. १९८३-८४ मध्ये आपल्या देशात नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रातही तेव्हा तो रोग होता. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले, पाण्यात औषध टाकलं आणि घराघरांत पाणी गाळायला कापडाच्या गाळण्या वाटल्या. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. नारूवर लस नाही, तो बरा करणारं औषध नाही. कापड, कठडा आणि समजावून सांगणारी माणसं एवढ्यावर तो देशातून गेला. ती बातमी वाचली तेव्हा आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, पाहा, आपला धर्म किती शास्त्रीय! थांबा. त्याच वाक्याने माझा घात केला, ते पुढे सांगते. त्याआधी दुसऱ्या एका मुलाची गोष्ट सांगू द्या. बंदुकीचं नाव आलं की आपल्यातल्या काहीजणी पुढे वाचणार नाहीत, पण वाचा.

सलीम अली. जन्म १८९६, मुंबई. आईबाप अगदी लहानपणी गेले, मामांकडे खेतवाडीत वाढले. दहा-बारा वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. उचलून पाहतात तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीच्या चिमणीला असा नसतो. मुसलमानाचं घर; पोराला प्रश्न पडला, हिचं मांस आपल्याला खायला चालेल का? तो चिमणी घेऊन अमीरुद्दीन मामांकडे गेला. म्हणजे पाहा, प्रश्न पक्षीशास्त्राचा नव्हताच. आपल्या घरात पोरं ‘आजी, हे चालतं का?’ विचारतात, तोच होता. मामांना ती चिमणी ओळखता आली नाही. त्यांनी उगीच हो किंवा नाही असं ठोकून दिलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब त्यांच्या ओळखीचे होते. त्यांना चिठ्ठी लिहिली आणि पोराला पाठवून दिलं. साहेबांनी ती पीतकंठी रानचिमणी म्हणून ओळखली, कपाटं उघडून पक्ष्यांचा सारा संग्रह मुलाला दाखवला, आणि तिथून सलीम अलींचं आयुष्यच त्या वाटेने गेलं. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राचं ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवलं.

मला यातलं सगळं पटत नाही, हे स्पष्ट सांगते. अभ्यासासाठी म्हणून त्यांनी पुढेही पक्षी मारले आणि ते लपवलं नाही. मी त्या मुलाची आजी असते तर आधी एक थोबाडीत दिली असती आणि बंदूक माळ्यावर टाकली असती. बंदूक माळ्यावर टाकणं योग्यच झालं असतं. पण थोबाडीत खाल्लेलं पोर पिवळ्या ठिपक्याचं पुन्हा कधी विचारतं का? माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून पुढे याच माणसाने आग्रह धरला होता. आपल्या सोलापूरशेजारी नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, पक्षी आता दिसेनासा झाला ती गोष्ट वेगळी. एका चिमणीच्या जिवाचा हिशोब असा मांडता येतो का, मला ठाऊक नाही. मी अजून मांडतेच आहे.

आणि आपले मारुती चितमपल्ली तर अस्सल सोलापूरचे, जन्म १९३२. जंगल खात्यात छत्तीस वर्षं काढली, पक्षिकोश लिहिला, २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर काही महिन्यांतच इथेच गेले. त्यांच्या लहानपणाच्या आठवणींत लिंबामामा आहे. रानाची, पाखरांची ओळख या मामाने आणि आईने करून दिली. गिरण्यांच्या आणि मागांच्या या गावात तेव्हा हजारो मुलं त्याच माळावर हिंडत असतील, तीच पाखरं बघत असतील. लिंबामामा सगळ्यांना नव्हता.

म्हणून म्हणते, मुलं नुसती बघून शिकत नाहीत. बघितल्यावर ती कुणाकडे तरी येतात, आणि ते माणूस त्या वेळी काय करतं त्यावर पुढचं सगळं असतं. काकूंसारखं गप्प करणं हा एक प्रकार झाला. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सोयीचं उत्तर देणं. तो मी केला.

माझा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना त्यानेही हेच विचारलं होतं, आपण पाणी का गाळतो? मी बी.कॉम. झालेली, वर सायक्लॉप्स डोळ्यांनी पाहिलेली. मी ऐटीत सांगितलं, “अरे, पाण्यात जंतू असतात. न गाळता प्यायलं की पोट बिघडतं. आपल्या पूर्वजांना विज्ञान माहीत होतं.” त्याला पटलं, मलाही बरं वाटलं. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं, उकळलेलं चोवीस तास, हेही मी त्याला आरोग्याच्याच भाषेत समजावलं.

तो पुण्याला नोकरीला लागला, संसार थाटला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत नवं गाळणं शिवून नेलं होतं. तो हसून म्हणाला, “आई, आरओ आहे की. एक जंतू येत नाही. तू म्हणायचीस ते सगळं आता मशीन करतं.” मला उत्तर सुचेना, कारण त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या पोटासाठी गाळायचं असं मीच शिकवलं होतं. पोटाची सोय झाली, कापड गेलं. हिशोबाच्या वहीत आम्ही याला चुकीच्या खात्यावर नोंद म्हणायचो. रक्कम बरोबर, बेरीज जुळते, पण खातं भलत्याचंच. आजीने ते कापड कधी आपल्या नावावर लिहिलंच नव्हतं. ते त्या एकडोळ्या जिवाच्या नावावर होतं. ‘होय का, बरं आहे की’ एवढ्यावर तिने नारूची बातमी का संपवली, हे मला पुण्याच्या त्या स्वयंपाकघरात कळलं. गाळणं तसंच घडी करून पिशवीत घालून परत आणलं.

आता आमचा आडही नाही. तो बुजवून त्यावर गाड्या लावायची जागा झाली. मुनींच्या आहारासाठी चौका लागतो तेव्हा आम्ही अजून विहिरीचं पाणी शोधत जातो, पण रोजचं पाणी नळाचंच. मी नळाला कापड बांधते. जिवाणी कुठे सोडायची हा प्रश्न मात्र उरतोच. उजनीचं पाणी मी उजनीला कसं परत देणार? झाडाच्या कुंडीशेजारी पाण्याचं मोठं पातेलं ठेवलंय, त्यात सोडते. हे बरोबर आहे असं म्हणत नाही.

मे महिन्यात नात आली होती, नऊ वर्षांची. माझं चाललेलं बघून विचारते, “आजी, आमच्या आरओमधले जीव कुठे जातात?” जीभ वळली होती, ‘त्यात जीव नसतात बाळा’ असं म्हणायला. म्हटलं, “मला काय ठाऊक. चल, विचारू.” आमच्याकडे शेजारी फिल्टर दुरुस्त करायला एक मुलगा येतो, त्याला गाठलं. तो म्हणाला, “काकू, मशीनपर्यंत येतंय कोण? पाणी शुद्धीकरण केंद्रातच क्लोरीन टाकतात. जे काय असेल ते तिथंच मरतं.”

नात बराच वेळ गप्प होती. रात्री अंथरुणात म्हणाली, “म्हणजे ते आपल्यासाठी तिथे मरतात, आणि तू इथे कापड बांधतेस?”

मी तिला पोटाशी घेतलं, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच ठरवलं की ते केंद्र बघायला जायचं. सोलापूरचं पाणी पाकणीला शुद्ध होतं एवढं मला माहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती येणार आहे. पाकणीचं केंद्र आत जाऊन बघायला परवानगी कुणाकडून काढावी लागते, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा. एक रिकामी बाटली मी धुऊन ठेवली आहे.