रेझ्युमेत न लिहिलेलं काम

परवा गावाकडच्या दोन पोरांचे रेझ्युमे तपासले. एक साताऱ्याचा, एक सांगलीचा. दोन्हींत वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी शपथ. (अरे, पासपोर्ट काढताय का?) ते दोन मिनिटांत खोडलं.

खरी चूक फोनवर कळली. साताऱ्याचा पोरगा 'कमवा आणि शिका'मध्ये तीन वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत होता. पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर त्यानंच चढवल्या. रेझ्युमेत एक ओळ नाही! का? "गरिबी दिसते ना, दादा." कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पोरांना राबून शिकायची सवय लावली, आणि त्यांच्याच साताऱ्यात ही लाज?

सांगलीकरानं हळदीच्या अडत दुकानासाठी सौद्यांच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिलाय. दुकान तो रोज वापरतं. तोही गायब. त्याजागी सीनियरकडून ढापलेला प्रोजेक्ट. त्यावर दोन प्रश्न विचारले, साहेब गप्प.

माझ्या मते स्पेलिंगपेक्षा ही चूक मोठी. इंटरव्ह्यूत आम्ही हेच तर विचारतो: काय केलंस, कुणी वापरलं, कुठे अडलं?

रात्री साताऱ्याहून सुधारित रेझ्युमे आला. लायब्ररी आहे, पण पार शेवटी, छंदांच्या खाली. परत पाठवलाय.