मला चावी दिलीत तर मी जुनीच घेईन!

खरं सांगा, काशीदला गाडी घेऊन गेलात की पहिला फोटो कुणाचा काढता? समुद्राचा की गाडीचा?

गेल्या रविवारी मी तिथल्या एका टपरीवर चहा पीत बसले होते. तीन-चार महागड्या कूपे गाड्या एकामागोमाग गुरगुरत गेल्या. आम्ही सगळ्यांनी मोबाइल काढले. टपरीवाल्या काकूंनी मात्र आधी रस्त्यापलीकडे खेळणाऱ्या नातवाला ओरडून थांबवलं.

तेव्हाच ठरवलं, यावर लिहायचं. आणि मत आधीच सांगून टाकते. या रस्त्यासाठी मला नवी बीएमडब्ल्यू एम२ आणि जुनी सॅन स्टॉर्म यातली एक निवडायला सांगितलीत, तर मी स्टॉर्म घेईन.

सॅन स्टॉर्म? बऱ्याच जणांनी नावही ऐकलं नसेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारी, गोव्यात बनलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. फायबरची बॉडी, उघडणारं छप्पर, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन आणि ताकद जेमतेम ६० हॉर्सपॉवर. आजची ऑल्टो के-१० सुद्धा कागदावर तिच्या पुढे आहे! उलट एम२ २०२३ मध्ये भारतात आली ती ४६० हॉर्सपॉवर आणि ९८ लाख किंमत घेऊन. शून्य ते शंभर फक्त ४.१ सेकंदांत. कसली भारी ना?

आता रस्ता बघा. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई, बोर्ली, मग काशीद. सतत वळणं, मध्येच रस्त्याला लागून घरं, एकीकडे समुद्र, दुसरीकडे फणसाड अभयारण्याचं जंगल. इथे ४६० हॉर्सपॉवर वापरणार कुठे? शंभरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. तेवढ्यात काकूंची हाक पुरती होत नाही.

न वापरलेली ताकद मग जागा शोधते. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी वाळूत रुतली आणि ती बैलगाडीने ओढून काढावी लागली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी हसत फॉरवर्ड केला. पण किनारा हा गाडी चालवायचा रस्ता नाही, हे किती जणांनी लिहिलं?

तुम्ही म्हणाल, नव्या गाड्या जास्त सुरक्षित असतात. शंभर टक्के मान्य. ब्रेक, एअरबॅग, सगळ्यात एम२ कितीतरी पुढे. अपघात झालाच तर मलाही तिच्यातच असायला आवडेल. पण एअरबॅग आत बसलेल्यासाठी असते, रस्ता ओलांडणाऱ्या पोरासाठी नाही.

स्टॉर्मची गंमत अशी की साठ-सत्तरच्या वेगातही तिच्यात वारा लागतो, गिअर बदलत राहावं लागतं, सुरूच्या बनाचा वास येतो. इंजिनाचा दम काढायला कायदा मोडावा लागत नाही. एम२ त्या वेगात अक्षरशः झोपलेली असते.

तुमच्याकडे एम२ असेल तर विकू नका (मला एक चक्कर मारून आणा फक्त). पण तिला पळवायचंच असेल तर कोइमतूरच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर न्या. काशीदला आलात तर हळू या.

निघताना मी काकूंना विचारलं, "तुम्हाला कुठली गाडी आवडते?"

"जी थांबते ती," त्या म्हणाल्या. "चहा तरी खपतो!"