चित्रात तीन थर, तारेत एकच

मंडळी, नेटवर्कवाल्यांच्या इंटरव्ह्यूत एक प्रश्न ठरलेला असतो: ओएसआयचे सात लेअर सांगा. आयएसओने १९८४ साली प्रमाण केलेली ती यादी पोरगं पाढे म्हटल्यासारखं घडाघडा म्हणतं. पास! लेअर असतात कशाला, हे मात्र कुणीच विचारत नाही.

कंपन्यांच्या डिझाइनचंही तेच. कोअर, डिस्ट्रिब्यूशन, अ‍ॅक्सेस असे तीन रंगीत चौकोन काढले की झालं आर्किटेक्चर! माझ्या एका जुन्या ऑफिसात असं झकास चित्र भिंतीवर होतं. एका दुपारी कुणीतरी टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोकं खुपसली. चारही मजले ठप्प! कारण काय, तर चित्रात थर तीन, पण व्हीलॅन सगळ्या मजल्यांवर एकच. ब्रॉडकास्ट स्टॉर्म अडवायला वाटेत राउटिंग कुठेच नव्हतं.

आमची फार तर ईमेल अडली. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटरचं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्या गोंधळात कोसळलं. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत नेलेलं नेटवर्क ते. एवढं मोठं हॉस्पिटल, पण सुमारे चार दिवस सगळा कारभार कागदावर! पुढे तिथे राउटिंगवर चालणारं कोअर बसवलं.

म्हणजे थर वाईट, असं म्हणतोय का मी? उलट! थर म्हणजे शेताचा बांध. इकडचं पाणी तिकडे जाऊ नये म्हणून घालायचा. बांध नकाशावर काढून पाणी अडत नाही हो.

"छोट्या ऑफिसला तीन थर परवडत नाहीत" असं कुणी म्हणेल. मान्य. कोअर आणि डिस्ट्रिब्यूशन एकत्र करा, दोनच ठेवा. पण मजल्यागणिक व्हीलॅन वेगळं, मध्ये राउटिंग, आणि युजरच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड नि स्टॉर्म कंट्रोल, एवढं तरी कराल की नाही? बरं, यातलं बरंचसं तुमच्या स्विचमध्ये आधीच असतं. फक्त कुणी चालू केलेलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी आर्किटेक्टसाहेबांना सात लेअर विचारू नका. एवढंच विचारा: तिसऱ्या मजल्यावर लूप झाला, तर चौथ्यावरच्या माणसाचं काम चालू राहील का? उत्तराऐवजी त्यांनी स्लाइड उघडली, तर काय ते समजून जा.

असो. चहा थंड झाला.