जॅक उचलतो, धरत नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले पंधरा दिवस एक वाद चाललाय, आणि दोन्ही बाजू चुकताहेत असं माझं ठाम मत आहे. ग्रुपवर लिहिलं की वर ‘गुड मॉर्निंग’चे गुलाब येऊन पडतात आणि मुद्दा बुडतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

विषय आहे न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याची गाडी. १९९९ सालची माझदा मिआटा. दोन माणसांची, छप्पर उघडणारी, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. तिचं ऑईल बदलणं, ब्रेकचे पॅड बदलणं हे सगळं तो स्वतः करतो, घरासमोरच्या ड्राइव्हवेवर. त्याने फोटो टाकला: गाडीचं नाक हवेत, त्याखाली एक जॅक, आणि गाडीखालून बाहेर आलेले आमच्या चिरंजीवांचे दोन पाय. शेजारी टॉर्च धरून उभी असलेली त्याची सहा वर्षांची लेक.

ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं, “इंजिनीअर झालास तो गाडीखाली लोळायला का? गॅरेजला दे.” यांचा निकाल आधी लावते. हाताला ग्रीस लागल्याने कुणाची पदवी परत घेत नाहीत. स्वतःच्या वस्तूचं पोट उघडून बघणारा मुलगा मला वर्गातही आवडायचा. तेव्हा हा मुद्दा इथेच संपला.

खरी तक्रार आहे भाच्याविरुद्ध. त्याचं उत्तर काय? “अगं मावशी, जॅक तीन टनाचा आहे, गाडी एक टनाची. उगाच घाबरतेस.” आणि वर, “दोनच मिनिटं आत गेलो होतो.”

अरे, तीन टन हे उत्तर बरोबर आहे, पण प्रश्न वेगळा आहे! जॅक तीन टन उचलू शकतो, एवढंच तो आकडा सांगतो. उचललेलं ओझं किती वेळ आणि कशाच्या जिवावर वर राहील, हे तो सांगत नाही. मी बी.ए., विषय मराठी. पण विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की आठवीला पास्कलचा नियम मीच शिकवायची. लहान दट्ट्या दाबायचा, तेलाचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, मोठा दट्ट्या वर येतो. म्हणजे हायड्रॉलिक जॅकवर चढवलेली गाडी कोंडलेल्या तेलावर उभी असते, आणि ते तेल अडवून धरतं कोण? रबराची एक कडी आणि एक छोटी झडप. कडी झिजली, झडपेत कचरा अडकला की गाडी खाली येते. कधी हळूहळू, कधी एकदम. एकदम आली तर दोन मिनिटांतलं एक सेकंद पुरतं.

दुसरं, वजन सरळ खाली जातं हे खरं, पण गाडीखाली गेलेला माणस काय करतो? गंजलेल्या बोल्टला लांब पान्याने हिसके देतो. हे हिसके आडवे असतात. जॅकच्या वाटीवर नुसती टेकलेली गाडी आडव्या धक्क्याला काय दाद देणार?

आणि बुटक्या गाडीची अडचण निराळीच. पोटाखाली जेमतेम चार-पाच इंच जागा. साधा जॅक आत जातच नाही, म्हणून लोक कडेला जिथे घुसेल तिथे घुसवतात आणि पत्र्याची दुमडलेली कड चेपते. बरं, कडेच्या ज्या मजबूत जागी जॅक लावावा, तिथेच स्टँडही हवा असतो. दोघांना एक जागा कशी पुरणार? मग स्टँडलाच रजा मिळते. माझा भाचा आळशी नाही, तो या अडचणीला कंटाळलाय. पण तिला तोड आहे. दोन इंच जाडीच्या फळ्या टाकून गाडी आधी त्यांवर चढवायची, म्हणजे बुटका जॅक मधोमध सरकतो. मिआटाला पुढे आडव्या तुळईखाली आणि मागे डिफरन्शियलखाली मधोमध उचलता येतं, आणि दोन्ही कडा स्टँडसाठी मोकळ्या राहतात. दुसऱ्या गाड्यांच्या जागा वेगळ्या. ज्याने त्याने आपल्या गाडीचं पुस्तक उघडावं. (पुस्तक उघडा हे सांगण्यात माझी पस्तीस वर्षं गेली.)

आता चाकं. मागची बाजू उचलताना “हँडब्रेक ओढलाय, गिअरमध्ये टाकलीय” असं म्हणून निर्धास्त होतात. अरे बाबा, तुझ्या गाडीत हे दोन्ही मागच्या चाकांनाच धरतात, आणि तीच तर तू हवेत नेलीस! जमिनीवरच्या पुढच्या चाकांना धरायला काहीच नाही. त्यांना दोन्हीकडून पाचर हवी. आपल्याकडे ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून आधी चाकाला दगड लावतो. त्याला कुणी पास्कल शिकवलेला नसतो.

आणखी एक बारकावा. चाकांवरचा जॅक वर जाताना त्याची वाटी सरळ जात नाही, कमानीत जाते. त्यामुळे जॅकला थोडं पुढेमागे सरकता आलं पाहिजे. खडीवर किंवा उन्हाने मऊ पडलेल्या डांबरावर त्याची चाकं रुतली की वाटीच घसरते. डांबरावर स्टँडचे पायही रुततात, खाली प्लायवुडचा जाड तुकडा हवा. आणि स्टँडऐवजी सिमेंटचे पोकळ ब्लॉक, विटा अजिबात नकोत. ते तडकतात तेव्हा आधी सूचना देत नाहीत.

यावर भाच्याच्या मित्राने हुकमाचा पत्ता टाकला: “स्टँड तरी कुठे भरवशाचे? हार्बर फ्रेटने परत मागवले होते ना?” बरोबर. २०२० साली अमेरिकेतल्या या दुकानाने दहा लाखांहून अधिक जॅक स्टँड परत मागवले, कारण दाते नीट न अडकल्याने ते खाली बसू शकत होते. बदली दिलेल्यांतल्या काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. पण यावरून स्टँडच नको हा निष्कर्ष कसा काढतोस? छत्री गळकी निघाली म्हणून कुणी भिजत जात नाही. आडवी खीळ घालायचे स्टँड मिळतात, ते घे. गाडी स्टँडवर उतरवल्यावर जॅक काढू नकोस, हलका टेकवून राहू दे. आत जाण्याआधी गाडीला बाहेरून चांगला हिसका दे. पडायचीच असेल तर तेव्हा पडू दे. काढलेलं चाक नाहीतरी कुठेतरी ठेवावंच लागतं, ते आडवं करून कडेच्या तुळईखाली सरकव.

आणि लेकीला काम शिकव, जरूर शिकव. पण टॉर्च तिच्या हातात देऊन तिला गाडीला खेटून उभी करू नकोस. डोक्याला बांधायचे दिवे मिळतात.