साहेब कुठे गेलेत? हजेरीचा हिशोब लोकांसमोर मांडा

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा किंवा वसमत, कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत जा. खुर्ची रिकामी असेल तर तीनच उत्तरं मिळतात. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब फिल्डवर आहेत. मुलीच्या स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आलेला मजूर रोजगार बुडवून आलेला असतो. तो व्हरांड्यात बसतो आणि संध्याकाळी परत जातो. यातलं उत्तर कधी खरं असतं, कधी खोटं. पण ते खरं की खोटं, हे त्या मजुराला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. आमच्या मते मूळ दुखणं इथंच आहे.

सरकारी कर्मचारी पगार पूर्ण घेतात आणि काम अर्धं करतात, हा आरोप जुनाच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी तो विधानसभेत मांडला. शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता उचलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर महाराष्ट्रभर गदारोळ झाला. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, मराठवाड्यात मोर्चा निघाला. वर्गात शिक्षकांचे फोटो लावण्याचे आदेशही त्याच दिवसांत आले. एका बाजूला "सगळे कामचुकार" आणि दुसऱ्या बाजूला "आमचा अपमान झाला", एवढ्यावरच चर्चा संपली. गावातल्या पोराला पूर्ण वेळ शिक्षक मिळतो की नाही, हा प्रश्न तिथंच राहिला.

राहणं वेगळं, काम करणं वेगळं

ग्रामविकास विभागाच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात, याला ग्रामसभेच्या ठरावाचा पुरावा लागतो. कागदावर नियम चांगला दिसतो. पण हजार-बाराशे वस्तीच्या गावात भाड्यानं खोली मिळत नाही, आरोग्य उपकेंद्राचं निवासस्थान मोडकळीला आलेलं असतं, स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची सोय नसते. मग माणूस तालुक्याला किंवा नांदेड-परभणीला राहतो आणि अप-डाऊन करतो. ठराव मात्र मिळतो. सरपंचाला माहीत असतं, ग्रामसेवकाला माहीत असतं, वरच्या साहेबांनाही माहीत असतं की कागदावर लिहिलंय ते खरं नाही. तरी सगळे सह्या करतात.

ही गोष्ट साधी नाही. सगळी यंत्रणा मिळून एक खोटं कागदावर आणते, तेव्हा पुढचं खोटं सोपं होतं. राहण्याचा दाखला खोटा चालतो, तर मग दौऱ्याची नोंद खोटी का चालू नये? म्हणून आमचं म्हणणं असं की दोन प्रश्न वेगळे करा. रात्री प्रसूतीची बाई आली तर नर्स जवळ हवीच. तिथं आधी क्वार्टर दुरुस्त करा आणि मग राहण्याची सक्ती करा. पण शिक्षक रात्री कुठं झोपतो, यापेक्षा तो सकाळी घंटेला हजर आहे का आणि शेवटच्या तासापर्यंत थांबतो का, हे महत्त्वाचं आहे.

पाच दिवसांचा करार

तासांचा हिशोब कोणी करत नाही, तो एकदा करून बघू. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. शाळा, दवाखाने, पोलीस यातून वगळले. त्या बदल्यात कचेरीची वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५ अशी वाढवली. सरकारचा हिशोब असा होता की वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ वर येतील, पण तास २०८८ वरून २११२ होतील. म्हणजे जनतेनं २४ दिवस सोडले आणि २४ तास जास्त मिळवले. हा एक करारच झाला.

आता बघा, एखादा कर्मचारी पावणेदहाऐवजी साडेदहाला आला तर रोजचे ४५ मिनिटं गेले. २६४ दिवसांत ते १९८ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर जवळपास २५ दिवस. शनिवारच्या सुट्ट्या वेगळ्या आणि हे पंचवीस दिवस वेगळे. आपल्याकडे अकोला-पूर्णा मार्गावरच्या गाडीची किंवा एसटीची वेळ हीच कचेरीची वेळ झाली असेल, तर हा करार एका बाजूनं मोडलाय, असंच म्हणावं लागेल.

आकडे काय सांगतात

मात्र "सगळेच चोर" म्हणणंही खरं नाही. २००३ मध्ये देशातल्या वीस राज्यांत संशोधकांनी न सांगता शाळांना भेटी दिल्या. चारातला एक शिक्षक जागेवर नव्हता. झारखंडात हे प्रमाण ४२ टक्के होतं, महाराष्ट्रात सुमारे १५ टक्के, म्हणजे सगळ्यात कमी. तरीही १५ टक्के म्हणजे सातातला एक. ज्या वर्गाचा गुरुजी तो सातवा आहे, त्या पोरांना राज्याच्या सरासरीचा काय उपयोग?

२०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं सहा राज्यांतल्या ६१९ शाळा पाहिल्या. शाळेत नसलेले शिक्षक साडेअठरा टक्के निघाले. पण कारण नसताना गैरहजर फक्त अडीच टक्के होते. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सरकारनंच दिलेल्या दुसऱ्या कामावर होते. ही पाहणी वाचून कर्मचाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. मुलाच्या दृष्टीनं गुरुजी नाहीत म्हणजे नाहीत. पण दोष कोणाचा, हे मात्र यातून कळतं.

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळांना याचा चटका जास्त बसतो. दोन शिक्षकी शाळेत एकाला बीएलओचं काम आलं, दुसऱ्याला केंद्रावर बैठक लागली, की शाळा उघडी असून बंद. शेजारच्या मराठी शाळेतून बदली शिक्षक मागवावा तर त्याला उर्दू येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की शिक्षकानं नियमित आणि वेळेवर शाळेत यावं. संघटना कलम २७ दाखवतात, अधिकारी कलम २४ दाखवतात. पालकांनी दोन्ही वाचून दाखवावीत.

यंत्र वरच्या साहेबाला दिसतं, गावाला नाही

सध्या उपाय म्हणून मोबाईलवर भर आहे. २०२५ मध्ये महसूल विभागानं चेहरा दाखवून, ठरलेल्या जागेवरूनच हजेरी लावण्याचे आदेश दिले. आमचा त्याला विरोध नाही. पण नुसत्या यंत्रानं काय होतं, हे रोजगार हमीत दिसलं. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचे दिवसातून दोन वेळा फोटो सक्तीचे झाले. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढावं लागलं की कुठं कामाशी संबंध नसलेले फोटो चढतात, तर कुठं फोटोचाच फोटो काढून टाकला जातो.

राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातलं उदाहरण आणखी बोलकं आहे. २००६ मध्ये नर्सच्या हजेरीसाठी वेळ नोंदवणारी यंत्रं दिली गेली आणि गैरहजेरीला पगारकपात लावली. सुरुवातीला हजेरी सुधारली. मग आरोग्य खात्यानंच "सूट दिलेले दिवस" वाढवत नेले. सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत काही फरकच उरला नाही. यंत्र चालू होतं, पण साहेबांची सही त्याच्यापेक्षा मोठी ठरली.

मग करायचं काय?

प्रत्येक कचेरीत हालचाल नोंदवही असते. कोण, कुठं, कोणत्या कामाला, किती वाजता गेला आणि कधी परतणार, हे त्यात लिहायचं असतं. ती वही आज कपाटात असते. ती भिंतीवर आणा. ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, उपकेंद्र आणि शाळेच्या दारात एक साधा फळा लावा आणि रोज सकाळी खडूनं लिहा. "सेनगाव येथे बैठक, ३ वाजता परत" असं लिहिलेलं असेल तर गावातला माणूस थांबायचं की घरी जायचं, हे ठरवू शकतो. खोटं लिहिलं तर ते पकडूही शकतो. यात प्रामाणिक कर्मचाऱ्याचाच जास्त फायदा आहे. एका तलाठ्याकडं तीन-चार गावांचा कारभार असेल, तर तेही त्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल. मग रिकाम्या पदांची ओरड गावच करेल.

कायद्याची हत्यारं आपल्याकडं आहेतच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख हेच तिचं काम. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे त्यात ठरलेलं आहे, उशीर झाला तर अपील करता येतं. माहिती अधिकारात हजेरीपट आणि हालचाल नोंदवही मागता येते. पण आपल्या वस्तीत अनेकांना आपण समितीचे सदस्य आहोत, हेच माहीत नसतं. सही करून घेतली जाते आणि बैठक कागदावर होते.

शिक्षक बांधवांना आणि भगिनींना एवढंच सांगू की हलाल रोजी म्हणजे फक्त लाच न घेणं नव्हे. ज्या वेळेचा पगार घेतला ती वेळही अमानत आहे. आणि पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा. हजेरीपट बघायला मागा, गेल्या महिन्यात गुरुजींना शाळेबाहेरची कामं किती दिवस दिली हेही विचारा. दोन्ही प्रश्न एकाच ठरावात लिहा, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.